परसबागेत रोजचे तीन तास जातात, तुमचे किती?

परसदारी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढतेय कारण सकाळी भेंडीच्या ओळीत उभी असताना मला चक्क रडू यायला लागलं. काही दुःखबिख नाही हो, नुसता कंटाळा. परवाच सगळी ओळ साफ करून गेले होते आणि आज बघते तर पुन्हा तेवढीच लगडलेली, वर पानाआड लपून जून झालेल्या आठ-दहा वेगळ्याच.

घर गावाबाहेर आहे, मागे साधारण दहा गुंठे जागा, त्यातली सहा गुंठे भाजीखाली. सहावं वर्ष. पहिल्या वर्षी चारच वाफे होते तेव्हा वाटायचं जागा कमी पडतेय, मग दर वर्षी दोन दोन ओळी वाढवत गेले, बियाणं उरलं की टोचून टाकायचं अशी खोड आहे मला. आता टोमॅटो, वांगी, मिरची, गवार, वाल, तीन ओळी भेंडी (एका ओळीत ६० झाडं!), मांडवावर दुधी, दोडका, काकडी, कारलं आणि कडेला पालेभाज्या.

दिवस असा जातो की साडेपाचला उठून आधी ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग एका हातात साबणाच्या पाण्याचा मग घेऊन काकडीच्या वेलावरचे तांबडे भुंगेरे वेचायचे (सकाळी गारठलेले असतात, उडत नाहीत, दुपारी एक हाती लागत नाही), मग पालेभाजी, मग भेंडी-काकडी, तोवर दव सुकतं मग शेंगांना हात लावायचा, मग निवडणं, जुड्या बांधणं. आठ-साडेआठ वाजतात. संध्याकाळी तण, बांधणी, फवारणी वेगळीच. पेरणीला सगळ्या बागेचे मिळून दोन दिवस लागले होते, तोडणीत अख्खा हंगाम चाललाय, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

तुम्ही मोठी बाग करणारे लोक हे कसं जमवता ते सांगा. आणि "कमी लावा" असं सांगणार असाल तर किती कमी, काय कमी, हेही सांगा.

खुरपं
कमी लावा. 😀
आता किती ते सांगतो. १८० भेंडीची झाडं घरच्यासाठी कुणी लावतं का? माझ्याकडे एका वेळी २५ असतात आणि सहा माणसांना पुरून उरतं. भेंडीचं फूल उमललं की चार-पाच दिवसांत भेंडी तोडायला येते, सातव्या-आठव्या दिवशी तिचं लाकूड होतं. म्हणजे दिवसाआड गेलंच पाहिजे, आजारी असा नाहीतर पाऊस असो. तेव्हा झाडं किती लावायची हे जागा बघून ठरवायचं नसतं, दिवसाआड किती वेळ वाकता येईल ते बघून ठरवायचं असतं. जागा काय, रिकामी राहिली तर राहू द्या, ताग पेरा त्यात, फुलावर आला की गाडून टाका.

आणि सगळं एकदम पेरू नका. अर्धी ओळ आज, अर्धी तीन आठवड्यांनी. पहिली थकायला लागते तेव्हा दुसरी चालू होते.

अर्धवट_शेतकरी
+१ खुरपंकाका.
ताई, भेंडी तोडताना लांब बाह्यांचा शर्ट घालता की नाही? मी पहिल्या वर्षी हाफ शर्टात जायचो आणि दिवसभर हात खाजवत बसायचो, बायको म्हणायची कुठे लोळून आलास. ती बारीक कुसं असतात ना ती.

माझे रोजचे दोन तास जातात, पण त्यातला अर्धा तास नुसतं बघत हिंडण्यात जातो हे मान्य करतो, चहाचा कप घेऊन. बायको याला काम मानत नाही. माझं म्हणणं हेच खरं काम आहे, वांग्याचा एक शेंडा मान टाकून लोंबताना दिसला की समजायचं आत अळी शिरलीय, तो शेंडा तिथेच दोन बोटं खालून कापून पिशवीत. त्या दिवशी दिसला नाही तर पुढे तीच अळी फळात सापडते, तीही कापल्यावर, पाटावर.

ओली_माती
मी नवीन आहे (दुसरंच वर्ष), धाग्यात मध्येच घुसते, सॉरी. माझ्या टोमॅटोचा खालचा भाग काळा पडतोय, चपटा, चामड्यासारखा. वरून फळ चांगलं दिसतं, उलटं केलं की काळा डाग. झाडं तर हिरवीगार आहेत. कुठला रोग आहे आणि काय फवारू? एकाने सांगितलं अंड्याची टरफलं घाला म्हणून, मी महिनाभर जमवून चुरा करून घातली, काही फरक नाही.

निशाचर
ओली_माती, काही फवारू नका, तो रोग नाहीये. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तिथला गर मरतो. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसं असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं आणि पानं जास्त पाणी ओढतात म्हणून आधी पानांना मिळतं, फळाच्या वाट्याला उरलंसुरलं. पाण्यात खंड पडला की पहिला फटका फळाच्या बुडाला. मध्ये कधी पाणी चुकलं होतं का? दुसरं, नत्र जास्त झालं तरी असंच होतं. "हिरवीगार" म्हणालात म्हणून विचारतो, युरिया वगैरे घातलाय का?

टरफलं मातीत विरघळायला महिनेच्या महिने लागतात. वाईट काही नाही त्यात, पण या हंगामाच्या टोमॅटोला त्यांचा उपयोग नाही.

ओली_माती
अगदी बरोबर पकडलंत 🙈 मध्ये चार दिवस बाहेरगावी गेलो होतो, आल्यावर माती भेगाळलेली बघून घाबरून दोन तास पाईप सोडून ठेवला. आणि हो, त्याआधी युरिया पण मूठ मूठ घातला होता, पानं पिवळी वाटत होती म्हणून. आता काय करू?

निशाचर
काळी पडलेली फळं काढून टाका, ती काही सुधारत नाहीत, झाडाची ताकद फुकट जाते. नत्र बंद. पाणी थोडं थोडं पण नियमित, बुडाशी वाळलेल्या पाल्याचं चार बोटं आच्छादन, खोडाला चिकटू देऊ नका. पुढचे घोस बहुतेक नीट येतील, पहिल्या एक-दोन घोसांनाच हे जास्त होतं. आणि असं कोरडं पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं की पिकत आलेली फळं तडकतात, तेही दिसलं असेल.

ओली_माती
तडकलीत ना! मला वाटलं पक्षी.
खूप धन्यवाद. परसदारी ताई, सॉरी, धागा हायजॅक केला.

परसदारी
अगं उलट बरं झालं विचारलंस, माझ्याही एका ओळीला तसंच झालंय आणि मी खत कमी पडलं म्हणून वर आणखी शेणखत ओतलं होतं. त्या ओळीच्या शेवटी ड्रिपर (ठिबकची थेंब सोडणारी तोंडं) तुंबलेले असतात हे आत्ता डोक्यात आलं. उद्या बघते.

अर्धवट_शेतकरी
ताई ड्रिपर हा माझा विषय! आधी फिल्टर धुवा, मग लॅटरलच्या (ओळीतून जाणाऱ्या नळीच्या) शेवटची टोकं उघडून पाणी जोरात वाहू द्या, चहासारखं पाणी येईल आधी, स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवायचं, मग बंद करायचं. मी दर पंधरा दिवसांनी करतो. आणि एका ड्रिपरखाली तांब्या ठेवून मोजा कधीतरी, तासाला ४ लिटरवाला असेल तर अर्ध्या तासात दोन लिटर पडायला पाहिजे. माझ्याकडे ओळीच्या शेवटाला पाऊण लिटर भरलं होतं, मी वर्षभर त्या टोकाच्या मिरचीला नावं ठेवत होतो.

पाण्याचा हिशोबही सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोब्बर एक लिटर. सहा गुंठे धरले साधारण ६०० चौरस मीटर, कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर ३००० लिटर होतात. ठिबकवर त्यापेक्षा कमीत भागतं कारण मधल्या वाटा भिजवायच्या नसतात. पण पाईप हातात धरून तेवढं पाणी देतो म्हणणाऱ्या माणसाने घड्याळ लावून बघावं. वरची दोन बोटं माती काळी झाली की आपल्याला वाटतं झालं, खाली बोट खुपसलं की कोरडी ठणठणीत.

खुरपं
पाईपवाला मी आहे. ३० वर्षं पाईपनेच देतो. बोट खुपसूनच देतो. ठिबकवाल्यांची झाडं मेली की मला बोलावतात.

अर्धवट_शेतकरी
काका 🙏 तुमच्याबद्दल नव्हतं ते.

मधली_ओळ
मला दोन पैसे टाकायचेत. आमची बाग आठ गुंठे होती, आता चार केली, गेल्या वर्षी गुडघ्याचं दुखणं झाल्यावर. आणि काय काय कमी करायचं हे ठरवताना मी एक वही केली होती, महिनाभर प्रत्येक भाजीपुढे मिनिटं लिहिली. बघण्यासारखं निघालं. वांग्याला आठवड्याला वीस मिनिटं, गवारीला दोन तास! एवढीशी शेंग, एकेक खुडायची, मग घरी येऊन पुन्हा निवडत बसायची. लाल भोपळ्याला जवळजवळ शून्य, चार वेल सोडले आणि तीन महिन्यांनी फळं उचलली, ती पुढे कितीतरी दिवस कोपऱ्यात टिकली. तेव्हापासून मी रोज तोडायच्या आणि वाट बघणाऱ्या अशा दोन गटांत भाज्या लावते. भोपळा, कोहळा, रताळं, सुरण, कांदा, लसूण, हळद, आलं ही सगळी वाट बघणारी मंडळी, ती ठरल्या दिवशी न काढताही रागावत नाहीत. मोठी जागा त्यांना द्यायची. रोजच्या तोडणीची घराजवळ, थोडी.

घराजवळ हे महत्त्वाचं आहे. माझी भेंडी टोकाला होती तेव्हा दर वेळी जून व्हायची, आता मोरीच्या मागे आहे, भांडी घासून झाली की जाता जाता तोडते.

परसदारी
मधली_ओळ, हे फार भारी आहे. वाट बघणारी मंडळी 😄 मी पण आजपासून मिनिटं लिहिते.

एक राहिलंच सांगायचं, माझा दुधी धरत नाहीये. फुलं भरपूर, मागे बोटभर दुधीसुद्धा येतो, मग पिवळा पडून गळतो. रोज सकाळी सातला मी नरफूल तोडून मादीफुलावर घासते, काकडी आणि भोपळ्याला जमतं, दुधीला नाही.

निशाचर
आला माझा विषय. सकाळी सातला दुधीचं फूल मिटायला आलेलं असतं. दुधी संध्याकाळी फुलतो, ऊन उतरलं की. पांढरी फुलं आहेत ना, ती रात्रीच्या पतंगांसाठी असतात. भोपळा पहाटे उमलतो आणि नऊ-दहापर्यंत मिटतो, काकडी-कारलंही सकाळी. दोडका पुन्हा संध्याकाळी. घोसाळं त्याच्याच कुळातलं पण ते सकाळी, आहे की नाही गंमत. तुम्ही मुक्कामाची गाडी सकाळी पकडायला जाताय.

दिवेलागणीच्या वेळी टॉर्च घेऊन जा. लांब बारीक देठाचं ते नरफूल, आखूड देठ आणि मागे लवदार इवलासा दुधी ती मादी. नरफुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या, मधल्या परागावर बोट टेकवून बघायचं, पिवळी पूड लागली पाहिजे, मग मादीफुलाच्या मधल्या तिन्ही गाठींवर हलकेच फिरवायचं. एका नरफुलात दोन-तीन माद्या होतात. थोडा वेळ तिथेच उभे राहिलात तर एखादा मोठा पतंग येईल, फुलासमोर हवेतच थांबून सोंड घालतो. त्याच्यासाठी तरी जा.

ओली_माती
हे वाचून माझ्याकडे दुधी नसल्याचं वाईट वाटतंय.

खुरपं
निशाचर, छान. पण ताई, तुम्ही वर संध्याकाळी फवारणी लिहिलंय. काय फवारता? निंबोळी अर्क असेल तर संध्याकाळीच बरोबर, उन्हात त्याचा असर लवकर जातो. पण मांडवावर फुलं उघडलेली असताना त्यावर मारू नका. पतंगही जातात आणि पराग ओला होतो तो वेगळाच. मांडवाला मारायचंच असेल तर फुलं सोडून, पानांच्या खालच्या बाजूला. मावा, पांढरी माशी सगळी तिथेच बसते.

परसदारी
अगं बाई. मी वरूनच शॉवरसारखं मारते सगळ्यावर. म्हणजे फुलावर पाणी मीच ओतत होते.

मधली_ओळ
निंबोळीत साबण किती घालता तेही बघा, जास्त झाला तर पानं करपतात. १०० लिटर अर्काला २०० ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ३० ग्रॅमच. मी एकदा "चांगला चिकटू दे" म्हणून अंदाजाने टाकला आणि काकडीची पानं कागदासारखी झाली.

माझा दुसरा पराक्रम सांगते. फळमाशीने डंख मारलेल्या काकड्या, वाकड्या झालेल्या, मी इमानदारीत कंपोस्टच्या ढिगावर टाकायचे, वाया कशाला घालवायच्या. आतल्या अळ्या तिथेच मातीत उतरून कोष करतात आणि माश्या होऊन पुन्हा मांडवावर. एक अख्खा हंगाम मी माझ्याच खर्चाने फळमाश्या पाळल्या. आता अशी फळं जाड पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात. नाहीतर दोन फूट खोल गाडायची.

अर्धवट_शेतकरी
माझ्याच खर्चाने 😂😂
कामगंध सापळे (वासाने माशी ओढून पकडणारे) लावले का मग? आमच्याकडे दोन लावलेत, पण त्यात नरच अडकतात, डंख मारणारी मादी बाहेरच. त्यामुळे सापळा भरला म्हणून निवांत बसायचं नाही, सडकी फळं उचलणं चुकत नाही.

परसदारी
(तीन आठवड्यांनी)
अपडेट द्यायला उशीर झाला, पण द्यायचा होताच.

भेंडीच्या दोन ओळी काढल्या. एवढं सोपं नव्हतं ते, सासऱ्यांना फळती झाडं उपटणं पटेना, "लागतंय ते झाड उपटायचं?" म्हणून दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. शेवटी एक ओळ मी काढली आणि दुसरी त्यांनीच काढली, न सांगता, मी पालेभाजी धुवत होते तेव्हा. तिथे ताग टाकलाय. मिनिटं लिहिली, माझ्याकडेही गवारच पहिली आली, खालोखाल पालेभाजी, पण तिच्यात तोडणं कमी आणि धुणं-जुड्या बांधणंच जास्त. जुड्या बंद, आता टोपलीत सुटी. सकाळचे तीन तास होते ते आता दोनच्या आत येतं.

टोमॅटोच्या त्या ओळीतले सात ड्रिपर तुंबलेले निघाले. लॅटरलचं टोक उघडलं तर खरंच चहा. नवीन घोस स्वच्छ आहेत. टोमॅटो बांधून झाल्यावर हात हिरवे-काळे होतात आणि साबण लावला की फेस पिवळा येतो, ते काही जात नाही लवकर, तर सासूबाईंनी एक कच्चा टोमॅटो फोडून हातावर चोळायला लावला. गेलं. इतकी वर्षं मी घासणी वापरत होते.

आणि दुधी! तिसऱ्या संध्याकाळी धरला. मुलगी टॉर्च धरते, मी फुलं लावते. पतंगही आला, तिने टॉर्च त्याच्यावर मारल्यावर निघून गेला, मग दुसऱ्या दिवसापासून ती टॉर्च खाली पायाशी धरते. एकूण पाच दुधी चालू आहेत. बियाणं घरचंच होतं, जुनं सरळ वाण (संकरित नव्हे), त्यामुळे पहिला दुधी बियांना ठेवायचा म्हणतोय. किती दिवस वेलावर ठेवू?

खुरपं
दिवस मोजू नका. साल टणक होऊन तपकिरी पडलं पाहिजे, देठ वाळला पाहिजे, आणि हलवला की आत बी वाजलं पाहिजे. दोन-अडीच महिने सहज. तोवर तो वेल बाकीचे दुधी कमी देईल, बी पिकवायला लागला की वेल आळसावतो. म्हणून ज्या वेलावर ठेवला त्याच्याकडून फार मागू नका. शेजारी दुसऱ्या वाणाचा दुधी असेल तर मात्र बी शुद्ध राहील याची खात्री नाही, पुढच्या वेळी फूल उमलायच्या आधी नर आणि मादी दोन्हीवर कागदी पिशवी बांधा.
आणि खूण बांधा त्याला. घरातलंच कुणीतरी तोडतं.

परसदारी
लाल चिंधी बांधली होती काका.
आज सकाळी चिंधी दुसऱ्याच दुधीवर होती. सासरे म्हणतात "तो जरा वाकडा होता, बियांना सरळ ठेवावा."